फलाटावरचे अण्णा

हेमचंद्र लासूरकर आमच्या सोसायटीत राहायला आले ते ११ नोव्हेंबर २०१९ रोजी. सोसायटीचा सचिव या नात्याने त्यांचा फॉर्म मीच भरून घेतला होता. 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी आधी 'वकील' असे लिहिले, मग ते खोडून 'निवृत्त' लिहिले, आणि थोडे थांबून त्यापुढे पुन्हा 'वकील' लिहिले. यापूर्वीचा पत्ता लेस्टर, इंग्लंड. 'सोबत राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ ओढली.

उस्मानपुऱ्यातली आमची इमारत तीन मजल्यांची, नऊ बिऱ्हाडांची. लासूरकर तळमजल्यावर आणि मी दुसऱ्या मजल्यावर. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळतो. सकाळी आठ वीसला क्रांती चौकातून कंपनीची बस असते. त्यामुळे सुरुवातीची दोन वर्षे आमचे बोलणे जिन्यापुरतेच होते. सोसायटीच्या सभेला मात्र ते सर्वांच्या आधी येत आणि पेन काढून पहिल्या खुर्चीवर बसत. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली की त्यांना वाईट वाटे. मला सुटल्यासारखे होई.

त्यांचा जन्म याच गावातला, १९५० सालचा. वडील जिल्हा न्यायालयात पेशकार होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. शिक्षण निजामाच्या काळात झालेले, त्यामुळे अखेरपर्यंत सही उर्दूत करत. मुलाने वकील व्हावे आणि आपण ज्या कोर्टात फायली पुढे केल्या तिथे त्याने उभे राहून बोलावे, एवढी एकच त्यांची इच्छा. मुलगा वकील झाला, तीन वर्षे इथल्या कोर्टात काम केले, आणि मग इंग्लंडमध्ये कायदा शिकायला जाण्याचे त्याने ठरवले. अण्णांनी ज्येष्ठ वकिलांकडे त्याच्यासाठी शब्द टाकलेला होता. शब्द वाया गेला. महिनाभर बाप-लेकात बोलणे नव्हते. ६ ऑक्टोबर १९७७ रोजी सकाळच्या गाडीने लासूरकर निघाले. मनमाडला गाडी बदलून मुंबई, तिथून विमान.

अण्णा १९८३ साली वारले. तेव्हा लासूरकरांचा पासपोर्ट मुदतवाढीसाठी गेलेला होता. त्यांना येता आले नाही. अग्नी त्यांच्या मेव्हण्यांनी दिला.

लेस्टरमध्ये आधी होजिअरीच्या कारखान्यात पॅकिंग, मग एका वकिलाकडे कारकुनी, परीक्षा, आणि १९८६ पासून स्वतःची वकिली. लग्न आपल्या याच गावच्या वैदेहीबाईंशी. मुलगी स्वराली एडिंबरोला डॉक्टर आहे. वैदेहीबाई २०१८ साली गेल्या, आणि वर्षभरात घर विकून हे गृहस्थ एकटे परत आले.

परत आल्यावर जुन्या ओळखीच्यांची त्यांनी एक यादी केली होती, अकरा नावांची. ती मी नंतर पाहिली. सातजण वारलेले, दोघे पुण्याला मुलांकडे गेलेले, एकाला माणूस ओळखू येत नाही. अकरावे गृहस्थ भेटले, चहा दिला, आणि "अजून किती दिवस आहात?" असे विचारते झाले. चार महिन्यांनी टाळेबंदी लागली. पुढे सगळे उघडले तरी लासूरकरांचे फारसे काही उघडले नाही. कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावरची विलायती टोपी पाहून कोपऱ्यावरचा भाजीवाला त्यांच्याशी हिंदीत बोले. ते मराठीत उत्तर देत. तो पुन्हा हिंदीत बोले.

२०२२ च्या गुढीपाडव्याला त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले. जिल्हा न्यायालयाबाहेरच्या स्टॉलवरून हिरवा लेजर कागद आणला. दावे-अर्ज टंकतात तो. शाईच्या पेनाने, डावीकडे समास सोडून, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक घालून ते लिहीत. मी १९८६ साली मराठी टायपिंगची, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिलेली, सोसायटीच्या नोटिसा मीच टाइप करतो. तेव्हा एके दिवशी ते वर आले आणि म्हणाले, "पुंडलिकराव, सकाळचा एक तास मला द्याल का?"

मग रोज सात ते आठ मी त्यांच्याकडे बसू लागलो. ते वाचून दाखवत, मी त्यांच्या संगणकावर टाइप करी. स्वयंपाकाला सरूबाई येत. ओट्यापाशी त्यांचे एक बोलणे आणि आमचे एक, असे चाले.

"सायेब, दोन वर्सं झाली लिव्हताय," सरूबाई म्हणायच्या, "कुनावर केस घालायलाय का?"

"स्वतःवर," लासूरकर म्हणायचे.

"मग हारताय व्हय तुम्ही. लई दिस चालली म्हंजी हारनारच."

परिच्छेदांना क्रमांक कशाला, असे मी एकदा विचारले. तेव्हा त्यांनी त्यांचे काम कसे असे ते समजावून सांगितले. परदेशातून येऊन तिथे राहू मागणाऱ्या माणसाला आपण कोण, कुठून, कसे आलो याचा जबाब सरकारला द्यावा लागतो. तो जबाब वकील लिहितो, पण 'मी' असे म्हणून. मी अमुक गावात जन्मलो, मी अमुक तारखेला घर सोडले. क्रमांकवार. शेवटी सही त्या माणसाची. तीस वर्षांत त्यांनी असे काही हजार जबाब लिहिले होते. पंजाबी, गुजराती, श्रीलंकेचे, अफगाणिस्तानचे.

"खरं-खोटं कसं कळायचं तुम्हाला?" मी विचारले.

"बारीकसारीक विचारायचं. निरोप द्यायला कोण आलं होतं? अंगावर काय होतं? खोटं बोलणाऱ्याला मोठ्या गोष्टी पाठ असतात, बारीक नसतात. आणि प्रश्न सुचावेत म्हणून मी ती गोष्ट मनात आपल्या गावात आणून बसवायचो. त्याचं घर म्हणजे आमचं घर. त्याचं स्टेशन म्हणजे आपलं स्टेशन. मग लगेच कळायचं पुढं काय विचारायचं ते."

हे त्यांनी ज्या सहजपणे सांगितले त्याच सहजपणे मी ऐकले.

चौथे प्रकरण आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये टाइप केले. त्यातला सतरावा परिच्छेद असा होता:

'१७. गाडी सुटण्याच्या बेतात असताना अण्णा फलाटावर आले. ते काही बोलले नाहीत. गाडी हलली तसे खिडकीच्या गजाला धरून चालू लागले. मग गळ्यातला मफलर काढून त्यांनी आत माझ्या मांडीवर टाकला. त्याला तंबाखूचा वास होता. फलाट संपला तिथे ते उभे राहिले. मी त्यांना पाहिले ते शेवटचे.'

टाइप करून झाले. लासूरकर खिडकीबाहेर पाहत होते.

"हे स्वरालीला लहानपणी शंभर वेळा सांगितलंय," ते म्हणाले. "महिनाभर बोलले नव्हते, पुंडलिकराव. पण आले. एवढं एक आहे माझ्याकडं."

तेवीस प्रकरणे नोव्हेंबरात पुरी झाली. छापायला देण्यापूर्वी त्यांना ती आपल्या थोरल्या बहिणीला ऐकवायची होती. भानुमतीबाई ऐंशीच्या घरातल्या. चिकलठाण्याच्या पुढे मुलाकडे, चिन्मयकडे राहतात. डोळ्यांनी नीट दिसत नाही. भावा-बहिणीचे वैर नव्हते, पण बेचाळीस वर्षांत राखी टपालाने गेली ती सवय तशीच राहून गेली होती. एका रविवारी दुपारी मी लासूरकरांना स्कूटरवर मागे बसवून तिकडे घेऊन गेलो. वाचायचे काम माझे.

भानुमतीबाई पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पहिली तीन प्रकरणे त्यांनी मजेत ऐकली. "हे बरोबर आहे," "हे ह्याला मीच सांगितलेलं," असे मध्ये मध्ये चालू होते. सतरावा परिच्छेद संपला तेव्हा शेंग हातात तशीच राहिली.

"थांबा हो. हे कुणाचं वाचताय?"

"चौथं प्रकरण आहे, ताई."

"ते कळलं. कुणाचं?" त्या भावाकडे वळल्या. "हेमा, अण्णा कधी आले रे स्टेशनवर?"

"आले होते की, अक्का. गाडी सुटताना."

"मी होते तिथं. तुझे भावजी होते. हा चिन्मय कडेवर होता, रडून रडून जीव खाल्ला होता त्यानं. अण्णा नव्हते."

"तुझं लक्ष नसेल."

"माझं? एवढा सहा फुटी माणूस फलाटावर चालतोय अन् मला दिसत नाही?" त्या हसायला लागल्या. "आणि मफलर म्हणे! पित्रं चालू होती, अंगाची नुसती लाही होत होती. वकीलसाहेब, कोर्टात टिकेल का हे? वर तंबाखू! अण्णांनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. भावजी पान खायचे म्हणून लग्नात केवढं बोलले होते."

लासूरकर हसले नाहीत. ते पाहून त्याही थांबल्या.

"मग कुठं होते?" लासूरकरांनी विचारले.

"तुला आठवत नाही?"

"नाही."

"देवासमोर. तू पाया पडायला गेलास तर डोळे मिटून बसलेले. तू उभा राहिलास. लई वेळ उभा राहिलास. दारात टांगा होता, ह्यांनी दोनदा हाक मारली. मग निघालास."

"डोळे उघडले नाहीत?"

"नाही रे."

"नंतर काही म्हणाले?"

भानुमतीबाईंनी शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "स्टेशनवरून आम्ही आलो तेव्हा कोर्टात जायला निघाले होते. आई म्हणाली, जेवताना आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. बाकी काही नाही."

पुढची प्रकरणे त्या दिवशी वाचली गेली नाहीत. परत येताना जालना रोडवर गर्दी होती. क्रांती चौकाच्या सिग्नलला लासूरकर मागून एकदाच बोलले. "तो वास मला अजून येतो हो," ते म्हणाले. सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढे काढली.

सोमवारी त्यांनी दार उघडले नाही. आज नको, असे आतूनच सांगितले. मंगळवारी, बुधवारीही तेच. बुधवारी सरूबाई जिन्यात भेटल्या.

"सायबानं समद्या वह्या खाली काडल्यात. भुईवर बसून वाचायलेत. जेवान तसंच ऱ्हातंय. तुम्ही सांगा की काय तरी, माजं नाय ऐकत."

गुरुवारी सकाळी त्यांनीच मला बोलावले. लेस्टरहून येताना त्यांनी एक बॅग भरून खिशात मावतील अशा वह्या आणल्या होत्या. पक्षकार बोलत असताना ते त्यांत टिपणे करत, आणि ती मराठीत, म्हणजे तिथल्या कोणाला वाचता येऊ नयेत. नावे नाहीत, नुसती आद्याक्षरे. एकोणिसाव्या वहीत त्यांनी बोट घालून ठेवले होते. जानेवारी १९८९. पंजाबातला एक तरुण. मी वाचले.

'बाप शेवटच्या क्षणी आला. बोलला नाही. गाडीबरोबर चालला. मफलर काढून दिला. तंबाखूचा वास. इथे रडला. चहा मागवला.'

"अक्षर माझं," लासूरकर म्हणाले. "बाप त्याचा."

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या.

"सवय होती ना. त्याचं स्टेशन म्हणजे आपलं स्टेशन. मग त्याचा बाप म्हणजे..." त्यांनी वही मिटली. "अण्णांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याला चहा पाजला, जबाब लिहिला, सही घेतली, अर्ज मंजूर झाला. तो सुखाने गेला आणि त्याचे वडील माझ्याकडं राहिले. चौतीस वर्षं."

"वकीलसाहेब, मुद्दाम केलेलं नाही ते," मी म्हणालो.

"नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान लक्षात राहिलं असतं."

मग त्यांना सगळ्याच गोष्टींचा संशय येऊ लागला. त्या आठवड्यात त्यांनी अण्णांच्या जेवढ्या आठवणी पुस्तकात होत्या तेवढ्या एका कागदावर उतरवल्या आणि रोज दुपारी बहिणीला फोन करून एकेक विचारू लागले. अण्णा ब्लेडने पेन्सिल तासायचे ते खरे का? खरे. गुलमंडीवरून येताना पेढ्याचा पुडा आणायचे ते? पेढे नाही, रेवड्या. विहिरीत पोहायला शिकवले ते? कुठली विहीर, त्यांना स्वतःलाच पोहता येत नव्हते. त्या आठवणीवर लासूरकरांनी रेघ मारली आणि ती कोणाची ते शोधायला पुन्हा वह्या काढल्या. ती सापडली नाही.

स्वरालीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांना कमी ऐकू येते म्हणून फोन स्पीकरवर असतो. त्यांनी तिला सर्व सांगितले, तारखांसकट.

"बाबा, ते पान ठेवा ना," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी कोण तपासायला येणार आहे?"

"कोणी नाही."

"मग? मी लहानपणापासून ते ऐकलंय. माझे आजोबा म्हणजे मला तेवढंच माहीत आहे. माझ्यासाठी ते खरंच आहे."

"तुझ्यासाठी असेल, बाळा. सही माझी आहे."

"तुमच्याकडे दुसरं काय राहतं मग?"

लासूरकरांनी तिकडे थंडी किती आहे असे विचारले. तिने सांगितले. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "बरोबर विचारलं तिनं."

त्यानंतर दहा-बारा दिवस ते काहीच ठरवीनात. छापखाना औरंगपुऱ्यात होता. तिथला सत्यम नावाचा तरुण पाने लावून तयार बसला होता आणि मला फोन करत होता. मी लासूरकरांना घाई केली नाही. रोज सातला खाली जायचो, आम्ही चहा घ्यायचो, संगणक बंदच असायचा. एकदा त्यांनी मला विचारले, "देवासमोर उभा असताना मी काय विचार करत असेन, सांगा बरं." मी म्हणालो, मला कसे कळणार. "मलाही कळत नाही," ते म्हणाले. "पक्षकार असता तर विचारलं असतं. पाट कुठला होता, समई लागली होती का, किती वेळ उभे राहिलात. आता उत्तर द्यायला कोणी नाही. अक्का दारातून बघत होती, तिला तेवढंच माहीत."

तरी त्यांनी प्रयत्न केला हे मला माहीत आहे. टेबलावर लेजर कागद होते, त्यांवर समई होती, पाट होता, अण्णांची मिटलेली पापणी हलल्याचेही एकात होते. सगळे उभ्या रेघेने खोडलेले. "छान होतं," मी म्हणालो. "म्हणूनच खोडलं," ते म्हणाले.

११ डिसेंबरला त्यांनी संगणक सुरू करायला सांगितला आणि कागदाशिवाय, तोंडी मजकूर सांगितला.

'१७. अण्णा स्टेशनवर आले नव्हते. ते घरी देवासमोर डोळे मिटून बसले होते, असे माझी बहीण सांगते. मला ते आठवत नाही.

१८. या ठिकाणी मी पूर्वी जे लिहिले होते आणि माझ्या मुलीला अनेक वर्षे सांगत आलो होतो, ते दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांविषयी होते. त्याने ते मला विश्वासाने सांगितले होते. ते त्याचे आहे.'

"पुढं?" मी विचारले.

"पुढं काही नाही. प्रकरण संपलं."

संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन लावला, तेव्हा मी सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीवर सही घ्यायला गेलो होतो. त्यांनी दोन्ही परिच्छेद वाचून दाखवले.

"असं लिहिलंस?" भानुमतीबाई म्हणाल्या. "अरे, लोक वाचतील. बापाचं असं कुणी लिहितं का? मी आपलं घरात बोलले. राहू द्यायचं होतंस तुझं ते मफलरचं."

"तूच म्हणालीस ना, आले नव्हते."

"म्हणाले. खरं ते म्हणाले. पण तू एवढं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "मला वाटायचं तुला ते आठवत असेल, म्हणून तू कधी विषय काढत नाहीस. एवढी वर्षं मीही काढला नाही."

"मलाही वाटायचं, तू त्यांना येताना पाहिलंस," लासूरकर म्हणाले.

पुढे दोघेही फोन ठेवीनात. मी नोटीस टेबलावर ठेवून परत आलो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे छापखान्यात शेवटची तपासणी करायला गेलो. दोनशे प्रती छापायच्या होत्या. सत्यमने चौथ्या प्रकरणाचे शेवटचे पान पडद्यावर आणले. वर ते दोन परिच्छेद, खाली सगळे पांढरे.

"सर, इथं पाऊण पान रिकामं जातंय," तो म्हणाला. "वडिलांचा एखादा फोटो आहे का तुमच्यासोबतचा? मस्त बसेल."

"नाही. तसा फोटो नाही."

"मग पाचवं प्रकरण वर ओढून घेऊ? एक पान वाचेल."

"नको."

"सर, लोकांना वाटेल छापायचं राहून गेलं."

लासूरकरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि ते पान वरपासून खालपर्यंत पाहिले.

"वाटू दे," ते म्हणाले. "पुढचं पान दाखव."